नापाससाहेब आणि केसांची इस्त्री

थर्मास बनवणाऱ्या कारखान्यात अगदी शेवटच्या टेबलावर बसणाऱ्या तपासनिसांना सगळे नापाससाहेब म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. पट्ट्यावरून सरकत आलेला थर्मास ते उचलत, कानाशी धरून टिचकी मारत, झाकण फिरवून बघत आणि एखादा शांतपणे बाजूच्या लाल टोपलीत ठेवून देत. काय बिघडलंय म्हणून कोणी विचारलं, तर मिशीला पीळ देत म्हणत, "झाकण शेवटच्या फेऱ्याला कुरकुरतंय. आज कुरकुरतंय, उद्या गळेल." मिशी भरघोस होती आणि तिची टोकं मेण लावून वर वळवलेली असत. त्या मिशीमुळे त्यांच्याशी वाद घालायची कोणाची छाती होत नसे.

घरीही तीच तऱ्हा. बाहेरच्या खोलीत पंखा घ्यायचं ठरलं तेव्हा उन्हाळा सुरू होत होता. पंखा छताला लागला तेव्हा लोकांनी कपाटातून स्वेटर बाहेर काढले होते. काही माणसं ताकही फुंकून पितात. नापाससाहेब फुंकून झाल्यावर ते खाली ठेवत आणि म्हणत, "दुसरीकडचं बघू."

त्यांची बायको गाडी चालवायला शिकवत असे. एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती बरीच वर्षं होती आणि तिच्या हाताखालून गेलेली माणसं आता गावभर सुखरूप फिरत होती. घामाघूम झालेल्या शिकाऊ माणसाशेजारी बसून, समोरून ट्रक येत असताना, "घाई नाही, आपल्याला कुठे जायचंय," असं ती अशा आवाजात म्हणायची की ट्रकवालासुद्धा सबुरीनं घ्यायचा. तिचे केस मात्र कोणाचं ऐकत नसत. नुसते कुरळे म्हणणं म्हणजे समुद्राला ओलसर म्हणण्यासारखं होतं. कंगवा एकदा आत गेला की तो परत येईपर्यंत दुसरं काहीतरी काम करून घ्यावं लागे.

गोष्ट सुरू झाली ती स्कूलच्या मालकांमुळे. त्यांनी चौकात मोठा फलक लावायचं ठरवलं. फलकावर बाईंचा फोटो आणि वर ठळक अक्षरांत 'न घाबरता गाडी शिका'. नमुना छापून आला तेव्हा बाईंच्या केसांनी पहिलं अक्षर गिळलेलं होतं. फलकावर उरलं होतं, 'घाबरता गाडी शिका'.

"मालक म्हणाले, केस जरा बसवून या, पुन्हा फोटो काढू," बायकोनं घरी येऊन सांगितलं.

नापाससाहेबांच्या आई खिडकीपाशी बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालत होत्या. त्या म्हणाल्या, "अक्षरं सरकवायची ना मग."

"मीही तेच म्हटलं, आई. तर म्हणाले, मजकुराची जागा ठरलेली आहे, केसांची काही ठरलेली नाही." मग बायको जरा थांबली. "आणि खरं सांगू का, मलाही एकदा बघायचंय. सरळ केसांत मी कशी दिसते ते. ती केसांची इस्त्री मिळते ना, स्ट्रेटनर म्हणतात, ती आणते उद्या येताना."

"उद्या?" नापाससाहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "डोक्याला लावायची वस्तू आहे. विजेवर तापते. अशी येता-जाता घेऊ नकोस. मी बघतो."

"झालं," आई सुई ओवता ओवता म्हणाल्या. "आता हिचे केस आधी पांढरे होतील, मग सरळ होतील."

पहिली इस्त्री कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात नापास झाली. वायर आखूड. "आरसा एकीकडे आणि प्लग दुसरीकडे, मधे माणूस ताणला जाणार," असं म्हणून ते बाहेर पडले. दुसरी शेजारणीकडून मागून आणली. शेजारीण त्या इस्त्रीवर खूश होती आणि तिनं मोठ्या मनानं ती दिली होती. नापाससाहेबांनी कारखान्यातला तापमापक आणून दोन्ही पट्ट्यांना लावला आणि इस्त्री परत करताना, विचारलं नसताना, सांगितलं, "उजवी पट्टी डावीपेक्षा गार राहते." तोवर सुखात असलेली शेजारीण त्या दिवसापासून आरशात आपली एकच बाजू निरखू लागली आणि या घराशी तिनं बोलणं कमी केलं.

मग ते मोठ्या दुकानात गेले. तीन मजली दुकान, सगळीकडे झगझगीत उजेड आणि केसांच्या वस्तूंची एक अख्खी भिंत. तिथली विक्रेती चुणचुणीत होती. तिनं हसून विचारलं, "कोणासाठी बघताय, काका?"

"बायकोसाठी."

"केस कसे आहेत त्यांचे?"

हा प्रश्न येणार हे नापाससाहेबांनी ओळखलं होतं. त्यांनी खिशातून कागदाची एक पुडी काढली आणि काउंटरवर उलगडली. आत केसांचा एक गुंता होता.

विक्रेतीचं हसू जागच्या जागी थांबलं. "हे... त्यांचे आहेत?"

"हो."

"त्या बऱ्या आहेत ना?"

"कंगव्यातले आहेत," नापाससाहेब म्हणाले. "नमुना. चाचणी खऱ्या मालावर व्हायला हवी."

मुलगी मनानं चांगली होती. तिनं एक इस्त्री तापवली, गुंत्यातली एक बट सोडवून दोन पट्ट्यांमधे धरली आणि हलकेच ओढली. बट बाहेर आली ती सुतासारखी सरळ. ना चटका, ना वास. पट्ट्या दोन्ही सारख्या तापलेल्या, वायर लांब, वजन हलकं. नापाससाहेबांनी ती बट उजेडाकडे धरली. कोणाचीही वाटावी अशी बट होती ती. त्यांनी ती बोटाभोवती गुंडाळून पुन्हा वळवायला पाहिलं. का, ते त्यांनाच कळेना. थर्मासच्या बाबतीत ते असं कधी करत नसत.

"बटण फार मऊ आहे," ते म्हणाले. "चुकून दाबलं जाईल." आणि पुडी बांधून निघाले.

त्यानंतर ते पुन्हा गेले, पुन्हा पुडी घेऊन. एकीचा आवाज येत होता. एकीची पट्टी फार रुंद होती, एकीची फार अरुंद. एकीत काहीच दोष सापडेना, तेव्हा त्यांनी खोक्यावरच्या बाईचा चेहरा विश्वासू नाही असं सांगितलं. घरी बायको विचारायची, "मिळाली का?" आणि ते म्हणायचे, "बाजारात मालच नाही चांगला." तिकडे मालकांनी फलकाची जागा भाड्यानं घेऊन ठेवली होती आणि त्या जागेवर कोणीतरी हरवलेल्या मांजराचं चित्र चिकटवून गेलं होतं.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी बायकोनं पायात चपला घातल्या. "चला. आज मी येते तुमच्याबरोबर."

"कशाला? मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच," ती म्हणाली. "आज गाडी मी चालवणार. तुम्ही बाजूला बसा."

दुकानातल्या विक्रेतीनं आधी त्यांना पाहिलं, मग त्यांच्या बायकोकडे पाहिलं, मग तिच्या केसांकडे. तिला हायसं वाटलेलं स्पष्ट दिसलं. "तुम्हीच का त्या? बरं वाटलं तुम्हाला बघून. खरंच बरं वाटलं."

बायकोनं नवऱ्याकडे एक नजर टाकली आणि काही न विचारता ती मुलीला म्हणाली, "यांनी बघितल्यात त्यातली सगळ्यात चांगली कोणती?"

"ती पहिली. बटण मऊ म्हणाले होते ती."

"तीच तापव."

इस्त्री तापली. मुलीनं बायकोच्या कानामागची एक बट बोटावर घेतली. तेवढ्यात नापाससाहेबांचा हात मधे आला. "थांबा. एकदम डोक्याला नको. आधी चाचणी." त्यांनी खिसा चाचपला. वरचा, मग खालचा, मग पाठीमागचा.

"ती पुडी मी कचऱ्यात टाकली," बायको म्हणाली. "तुमच्या उशीखाली सापडली. आई घाबरल्या होत्या."

"मग चाचणी कशी करणार?"

"करायची कशाला? मुलगी रोज करते हे काम."

पण वस्तू न तपासता पुढे सरकू देणं हे नापाससाहेबांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी मुलीच्या हातातून इस्त्री घेतली, आरशासमोर गेले आणि ताठ उभे राहिले. केस होते ते डोक्यावर विरळ आणि आखूड. हाताशी धरण्यासारखं काही असेल तर ते नाकाखालीच होतं. त्यांनी मिशीचं डावं टोक दोन पट्ट्यांमधे घेतलं. फक्त टोक, असा त्यांचा विचार होता.

"काका," मुलगी घाईनं म्हणाली, "केसांना काही लावलंय का?"

"मेण," ते म्हणाले, आणि म्हणेपर्यंत मेणानं धूर सोडला होता.

दचकलेला माणूस हातातली वस्तू सोडत नाही, उलट घट्ट आवळतो. नापाससाहेबांनी इस्त्री आवळली. चर्र असा आवाज झाला. धूर नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं आणि ते इस्त्रीसकट मागे सरकू लागले. मुलगी किंचाळायच्या बेतात होती. पण बायको जवळ आली आणि आपल्या कामावरच्या आवाजात म्हणाली, "घाई नाही. हात सैल सोडा. सैल. छान. आता हळूच बाजूला घ्या." ब्रेकऐवजी भलतंच दाबून बसलेली माणसं ती रोज पाहत होती. तिच्या आवाजासरशी नापाससाहेबांची बोटं सुटली. इस्त्री तिनं अलगद काढून घेतली, बंद केली आणि स्टँडवर ठेवली.

मिशीची डावी बाजू गेली होती. म्हणजे तिथे काही खुंट होते, काही राख होती आणि एक केस कसा कोण जाणे वाचून एकटाच ताठ उभा होता. उजवी बाजू मात्र आपल्या डौलात, पीळ भरून.

छताला लावलेल्या, धूर ओळखणाऱ्या यंत्राला हे सगळं उशिरा कळलं. कळलं तेव्हा ते असं बोंबललं की तिन्ही मजल्यांवरची माणसं जिन्यानं खाली निघाली. कोणाच्या हातात मिक्सर, कोणाच्या पायात एकच नवा बूट. सगळी गर्दी रस्त्यावर उभी राहिली आणि दुकानाकडे पाहू लागली. आग कुठे दिसेना. व्यवस्थापक धावत आला आणि त्यानं विक्रेतीला विचारलं, "नक्की काय जळलं?"

मुलीला खोटं बोलायची सवय नव्हती. "मिशी," ती म्हणाली.

गर्दीतली बरीच माणसं वळली आणि ज्यांनी तोंडावर रुमाल धरला होता त्या गृहस्थांकडे पाहू लागली.

दुकानासमोर झाडाखाली एक बाक होता. नवरा-बायको तिथे जाऊन बसले. बायकोनं रुमाल बाजूला करून पाहिलं. "भाजलं नाही फारसं. वरवर लाल झालंय."   व्यवस्थापक माणसांना पुन्हा आत सोडत होता.

"आता खरं सांगा," ती म्हणाली. "वायर आखूड, बटण मऊ, खोक्यावरची बाई विश्वासू नाही. हे काय चाललंय? मी तुमची बायको आहे. झाकण नाही मी तुमच्या थर्मासचं."

नापाससाहेब रुमालाआडून म्हणाले, "काही नाही."

"काही नाही तर मिशी का गेली?"

त्यांनी पायानं जमिनीवरचं एक वाळकं पान बाजूला सारलं. मग म्हणाले, "संध्याकाळी कारखान्याची बस येते ना घरी. चौकाच्या अलीकडे रोज अडकते. पुढे कोणीतरी शिकाऊ माणूस गाडी बंद पाडून बसलेला असतो."

"माझीच गाडी असते ती. मग?"

"सगळी बस वैतागते. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. मी खिडकीतून बघतो. इतक्या लांबून तुझा चेहरा नाही दिसत. केस दिसतात. काच भरून." त्यांनी रुमालाची घडी बदलली. "तेवढं दिसलं की मला बरं वाटतं. दिवसभराचं सगळं कसं जागेवर बसल्यासारखं वाटतं. ते केस सरळ झाले, तर मला कळणार कसं, कोणाची गाडी बंद पडलीय ते?"

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं तिच्या केसांबद्दल एकदाच काय ते वाक्य उच्चारलं होतं, आणि ते न्हाणीघराची मोरी तुंबली तेव्हा.

"हे आधी सांगता आलं नाही?"

"मलाच कुठे ठाऊक होतं? आता बोलताना कळलं."

ती हसायला लागली. आधी आवरून, मग पदर तोंडाला लावून, मग उघडपणे. नापाससाहेबांना राग यायला हवा होता, पण अर्ध्या मिशीनं रागावता येत नाही.

"ऐका," हसू ओसरल्यावर ती म्हणाली. "डोकं माझं आहे."

"आहे."

"आणि मला एकदा बघायचंय. कायमचं नाही. पाणी लागलं की केस परत होते तसे होतात."

"असं होतं? परत होतात?"

"तुम्ही इतक्या इस्त्र्या तपासल्यात आणि हे कोणाला विचारलं नाहीत?"

त्यांनी विचारलं नव्हतं. ते थोडे सैलावले. मग धंद्याची सवय म्हणून त्यांनी घडल्या प्रकाराचा विचार केला. "तापते लवकर," ते हळूहळू म्हणाले. "दाब दोन्हीकडे सारखा. मेणालासुद्धा हार गेली नाही. आणि एवढं होऊन पट्टीवर डाग नाही." त्यांनी मान हलवली. "पास."

दोघं परत आत गेले. विक्रेती नवी बंद खोक्यातली द्यायला निघाली, पण नापाससाहेबांनी तीच मागितली. तपासलेली वस्तू सोडून न तपासलेली घेणारा माणूस त्यांच्या मते मूर्ख होता.

घरी आईंनी दार उघडलं, मुलाचं तोंड पाहिलं आणि सगळी हकिकत उभ्या उभ्या ऐकून घेतली. "सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. "तुझा पीळच आधी जळाला."

उरलेली अर्धी बाजू ठेवण्यात अर्थ नव्हता. नापाससाहेब न्हाणीघरात गेले आणि थोड्या वेळानं पूर्ण सफाचट होऊन बाहेर आले. बायकोनं त्यांचा वरचा ओठ आयुष्यात प्रथमच पाहिला. तो अगदी बारीकसा होता आणि काहीतरी मागायचंय पण धीर होत नाही, अशा बेतानं किंचित वर उचललेला.

"असे आहात होय तुम्ही," ती म्हणाली.

"म्हणून तर त्याला वेळेत मिशी ठेवायला लावली," आई म्हणाल्या. "हुबेहूब माझा भाऊ दिसतो. त्या भावाला आयुष्यभर कोणी बसायला खुर्ची दिली नाही."

कारखान्यात त्याचा अनुभव लगेच आला. नापाससाहेबांनी लाल टोपलीत थर्मास ठेवला आणि पॅकिंगच्या बाईंनी तो उचलून परत पट्ट्यावर ठेवला. "चांगला आहे हो," त्या म्हणाल्या. अशी हिंमत तोवर कोणी केली नव्हती. त्या दिवशी प्रत्येक थर्मासवर त्यांना वाद घालावा लागला आणि घरी येईतो आवाज बसला.

फोटोच्या दिवशी बायको सकाळपासून आरशासमोर होती. पुढचे केस तिनं केले. मागच्या बाजूला हात पोचेना. नापाससाहेब दारात घुटमळत होते. तिनं न वळता इस्त्री मागे धरली. "घ्या. तुमचंच काम आहे हे."

ते तिच्यामागे स्टुलावर बसले. एक बट घेतली, विंचरली, पट्टीत धरली, ओढली, उजेडाकडे नेऊन पाहिली. एखादी मनासारखी झाली नाही तर पुन्हा. घाई केली नाही, कारण घाई त्यांना येतच नव्हती. मालकांचा फोन आला, थोड्या वेळानं फोटोवाल्याचा आला, मग पुन्हा मालकांचा. आईंनी तिन्ही वेळा सांगितलं, "काम चालू आहे." शेजारीण साखर मागायचं निमित्त करून डोकावली आणि एक कप साखर घेऊन तिथेच उभी राहिली. शेवटची बट झाली तेव्हा केस बायकोच्या कमरेखाली पोचले होते. ते एवढे लांब आहेत हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते गोल फिरत राहिले होते.

बायको उठून उभी राहिली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "कशी दिसते?"

"बँकेत कर्ज नाकारतात ना, त्या बाईसारखी," आई म्हणाल्या. "रुबाबदार."

"मागची बाजू जास्त छान आली आहे," शेजारीण म्हणाली. "मला पुढच्या आठवड्यात वेळ आहे." तिनं हे नापाससाहेबांकडे बघून म्हटलं.

"आणि तुम्हाला?" बायकोनं विचारलं.

नापाससाहेब नीट पाहत होते. "चांगली दिसतेस," ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. "अनोळखी बाईशी बोलल्यासारखं वाटतंय. पण चांगली."

फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी केसांना पाणी लागलं आणि ते होते तसे झाले. फलक मात्र चौकात उभा राहिला आणि 'न घाबरता' पूर्ण दिसू लागलं. लोक येऊन विचारत, फलकावरच्या मॅडम कुठे आहेत. बायको सांगायची, "त्या फक्त फोटोला येतात. शिकवायला मीच."

फलक लागला त्याच आठवड्यात एका संध्याकाळी कारखान्याची बस चौकाच्या अलीकडे अडकली. पॅकिंगच्या बाई पुढच्या बाकावर होत्या. त्यांनी खिडकीतून वर फलकाकडे पाहिलं. "काय केस आहेत हो. कोण असेल ही?"

"माझी बायको," मागून नापाससाहेब म्हणाले.

बाई वळून त्यांच्या ओठाकडे बघू लागल्या. बस दोन हात पुढे सरकली. पुढे एक छोटी गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली होती, आणि तिच्या काचेत कुरळ्या केसांचा एक प्रचंड ढग शांतपणे बसून होता. त्यातून एक हात बाहेर आला आणि बसकडे बघून ओळखीनं हलला. नापाससाहेबांनीही हात हलवला.

"आणि त्या कोण?" बाईंनी विचारलं.

"माझी बायको."

बाईंनी फलकाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, बोटांवर दोन मोजले आणि त्या पदर सावरून बसल्या. दुसऱ्या दिवशी नापाससाहेबांनी जे थर्मास लाल टोपलीत ठेवले, ते संध्याकाळपर्यंत लाल टोपलीतच राहिले.